वैजूच्या मापाचे हातमोजे

“आता उचल पाय,” अण्णा म्हणाले.

मी उचलले. वर्कशॉपच्या दारात आडवा बांधलेला लोखंडी पाइप, त्याला लोंबकळणारा मी आणि माझ्या हातांत बादलीत भिजवून चढवलेले नवे हातमोजे, असा तो प्रयोग होता. पुढच्याच क्षणी मी फरशीवर बसलो होतो आणि हातमोजे वर पाइप धरून होते. एखादा न दिसणारा माणूस अजून लोंबकळतो आहे आणि त्याची कशाबद्दल काही तक्रार नाही, असं ते दृश्य होतं.

“झकास,” अण्णा म्हणाले. “पकड सुटली न्हाई.”

“अण्णा, मी सुटलो.”

“तू सुटलास. हातमोजा सुटला का?”

मी पँट झटकून उठलो. आतल्या खोलीत आईचं मशिन चालू होतं. ते आमच्या घरी पंख्यासारखं असायचं. चालू असताना ऐकू यायचं नाही.

आमचा धंदा हातमोज्यांचा. कोल्हापूरच्या आसपास फाउंड्र्या भरपूर. तिथं वितळलेलं लोखंड ओतणाऱ्या माणसांना चामड्याचे हातमोजे लागतात, ते आम्ही करायचो. अण्णा कापायचे, आई शिवायची आणि मी बी.कॉम. होतो. अण्णांचा नियम एकच. हातमोजा झटकला की उडाला पाहिजे. लोखंडाचा थेंब आत गेला तर माणसाला बक्कल सोडत बसायला सवड नसते. म्हणून प्रत्येक जोड तयार झाला की अण्णा तो चढवायचे, हात झटकायचे, आणि हातमोजा समोरच्या भिंतीवर आपटला तरच तो पास. त्या भिंतीला आम्ही कधी रंग दिला नाही. रोज इतक्या थपडा खाणाऱ्या भिंतीला रंग देणं म्हणजे थट्टाच झाली असती.

अण्णांच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. ती कशी गेली, हे त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं. मला सांगितलं होतं, उसाच्या चरकात. माझ्या बहिणीला, पंचगंगेतल्या सुसरीनं. पोस्टमनला त्यांनी सांगितलं होतं की मतदानाची शाई फार चढली, काढावी लागली. पोस्टमननं पुढची निवडणूक टाळली.

तर बहीण. वैजयंती, म्हणजे वैजू. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि सगळ्याच बाबतींत दणकट. वेताळमाळच्या धरणावर एक बोट क्लब निघाला होता. तिथं पायांत लांब फळ्या बांधायच्या, बोटीला बांधलेल्या दोराचं हँडल धरायचं आणि बोट सुटली की पाण्यावर उभं राहायचं, असा खेळ चालायचा. पर्यटकांना प्रात्यक्षिकं दाखवण्यासाठी क्लबला एक पथक पाहिजे होतं. त्यात मुलीची जागा एकच. चाचणी येत्या रविवारी. वैजू तिथंच राहून सराव करत होती, आणि निवड झाली नाही तर सोमवारी मामांच्या पतसंस्थेत कारकून म्हणून गुमान रुजू होईन, असं तिनं अण्णांना कबूल केलं होतं. मामांनी तिची खुर्ची पुसून ठेवली होती.

अडचण हातांची होती. आमच्या घराण्यात कुणाचाच हात मोठा नाही. माझं नाव संग्राम आहे आणि माझा हात बघून लोक मला चॉकलेट देतात. क्लबातले परदेशी हातमोजे वैजूला कोपरापर्यंत यायचे. ती उघड्या हातानं हँडल धरायची, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत तळव्यांचे फोड फुटून हँडल हातातून निसटायचं. म्हणून तिनं फोन केला. आमच्याकडच्या बायका-पोरी “मी येतो, मी करतो” असंच बोलतात. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा दचकायला होतं.

“अण्णा, मी सांगतो तसं करा फक्त,” वैजू फोनवर म्हणाली. “तळव्याला बकऱ्याचं चामडं. मऊ, क्रोमनं कमावलेलं. चपलेचं नको, ते वाळलं की पापड होतंय. पाठीला निओप्रीन.”

“ते काय असतंय?”

“रबराचा स्पंज असतोय कापड लावलेला. ओला झाला तरी हात गार पडत न्हाई. आत्याच्या गुडघ्याचा पट्टा त्याचाच आहे.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या आठवड्यात माडीवर राहणाऱ्या आत्या जिना उतरल्या नाहीत.

“बोटं वाकडी पायजेत,” वैजू पुढं सांगत होती. “तळव्याकडचं चामडं आखूड, पाठीकडचं लांब. म्हंजे हात मुळातच मिटलेला राहतोय, धरून धरून दमत न्हाई. आणि बोटांची शिवण बाहेरनं.”

इथं अण्णा अडले. हातमोजा उलटा शिवून मग काठीनं बोट बोट सुलटा करायचा, शिवण आत लपवायची, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“बाहेरनं म्हंजे दिसणार?”

“आत असली की तीच टोचून फोड येतोय.”

“अगं, बनियन उलटं घालून लग्नाला जायचं म्हंजे.”

“लग्न नाही अण्णा, पाणी आहे. आणि शेवटचं. घट्ट पायजे. कातडीसारखा. चामडं पाण्यात सैल पडतंय, म्हणून कोरडा चढवताना रडू यायला पायजे.”

“आणि निघायचा कसा?”

“निघायचाच न्हाई.”

आईचं मशिन थांबलं. मी मागं वळून बघितलं, तर ती सुईत दोरा ओवत होती. मग मशिन पुन्हा सुरू झालं.

वैजूचा आणि माझा हात एकाच मापाचा असल्यामुळे माप म्हणून मी होतो, आणि परीक्षा द्यायलाही मीच. अण्णांनी तळवा आणि पाठ कापली. बोटांच्या मधे ज्या अरुंद पट्ट्या लागतात, त्या आई उरलेल्या तुकड्यांतून कापायची, ते तिचं खातं. पहिला जोड झाला, मी पाइपला लोंबकळलो, पुढचं सांगितलंच आहे. अण्णांनी दुसरा लहान कापला. मी पुन्हा खाली बसलो. तिसरा तर त्यांनी इतका लहान कापला की आईकडे गेला तेव्हा बाहुलीचा वाटत होता. आईकडून आला तेव्हा त्यात माझ्या हाताबरोबर मोबाइलही मावला असता.

“बकरं ढिलं हुतं,” अण्णा म्हणाले.

“बकरं मेलंय, अण्णा.”

“जिवंत असताना ढिलं असणार. स्वभाव जात न्हाई.”

आई तशी कमी बोलायची. दिवसाला हातमोज्यांच्या जोडांइतकी वाक्यंही तिच्या तोंडून बाहेर पडत नसत.

चौथ्या जोडाला अण्णांनी परीक्षेची पद्धतच बदलली. जागच्या जागी लोंबकळून काही कळत नाही, ओढणारं काहीतरी पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. बोट आमच्याकडे नव्हती. म्हणून ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सर्जेराव गवळ्यांकडे गेले आणि कस्तुरीला घेऊन आले.

कस्तुरी म्हैस होती. पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात मोरपिसं बांधायची, मोटरसायकलचा सायलेन्सर काढून ती बोंबलत पुढं न्यायची, आणि म्हैस आपल्या मालकाच्या गाडीमागं धावते. मालकाच्याच. दुसऱ्याच्या गाडीकडे ती ढुंकून बघत नाही. या शर्यतीत कस्तुरीनं सलग काही वर्षं गल्लीचं नाव राखलं होतं, आणि सर्जेरावांच्या गाडीचा आवाज सोडून जगातल्या कुठल्याही आवाजावर तिचा विश्वास नव्हता.

ऊस तुटून गेलेल्या एका रानात पाणी सोडून चिखल करून घेतला होता. मला एका पत्र्यावर बसवलं. पत्र्याचं पुढचं टोक वर वाकवलेलं होतं, ही अण्णांची शास्त्रीय बाजू. माझ्या हातात दांडकं, दांडक्याला दोर, दोर कस्तुरीच्या गळपट्ट्याला. मी फोन स्पीकरवर ठेवून खिशात टाकला होता. आतून वैजू सूचना देत होती.

“हात सरळ ठेव. गुडघे वाक. मागं झोक दे. आणि घाबरू नको, बोट गुळगुळीत ओढतीय.”

“बोट नाही,” मी म्हणालो.

“मग काय आहे?”

सर्जेरावांनी किक मारली, त्यामुळे हे सांगायचं राहिलं.

सांगायला अभिमान वाटतो की मी उभा राहिलो. पत्रा चिखलावर सरकला, दोर ताणला, हातमोज्यांनी दांडकं असं पकडलं की बकऱ्याच्या मऊपणाबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला. माझ्या खिशातून वैजू “वारा कसला आवाज करतोय” म्हणत होती. मी मागं झोक दिला. कस्तुरीनं पुढं झोक दिला. मग माझे हात एकदम गार पडले. बघितलं तर ते उघडे होते.

कस्तुरी बांधावरून उडी मारून गल्लीत गेली. तिच्या मागं दोर, दोराला दांडकं, दांडक्याला दोन हातमोजे, बोटं आवळून, शिवण बाहेर. गल्लीतल्या लोकांनी नंतर वेगवेगळं सांगितलं, पण एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली, की म्हशीमागं नुसते हात पळत होते. दूध घालणाऱ्या काशीबाईंनी त्यांना नमस्कार केला. सर्जेरावांनी आपल्या दारात गाडी बंद केली, मागं वळून बघितलं आणि हातमोज्यांनाच विचारलं, “पोरगं कुठं हाय?”

मी चिखलातून आलो. अण्णा बांधावर बसले होते, हनुवटी हातावर टेकून.

“आता बकरं नाही म्हणायचं,” मी म्हणालो. “आता कुणाचं नाव घेणार?”

“काय कळंना,” अण्णा म्हणाले. ते त्यांनी इतक्या खऱ्या आवाजात म्हटलं की मी बाहीवरचा चिखल काढायला लागलो. तीस वर्षं उडणारे हातमोजे करून त्या माणसाचा हातच तसा वळला असावा, असं मला वाटलं. लिहायला जावं देवनागरी आणि हातातून उतरावी मोडी, तसं काहीतरी.

शेवटचा जोड शनिवारी झाला. अण्णांनी कापताना श्वास धरला होता. तपासायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी पाइपजवळ जायला तयार नव्हतो. रविवारी सकाळी अण्णा आणि मी निघालो तेव्हा आई पायरीवर चपला घालून उभी होती, हातात शिवणाची पिशवी.

“तू कुठं?” अण्णा म्हणाले.

“येतो की मी पण.”

आई पाण्याच्या जवळ जायची नाही. जत्रेत होडीच्या आकाराचा पाळणा असतो, त्यातसुद्धा ती कधी बसली नव्हती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिला एसटीत खिडकीजवळची जागा दिली.

वेताळमाळच्या धरणावर वारा होता. क्लबचे मयेकर सर काठावर शिटी घेऊन उभे होते. नौदलातून निवृत्त झालेला माणूस. ते नुसते उभे राहिले तरी आजूबाजूचे लोक पोट आत घ्यायचे. चाचणीला चार मुली होत्या. प्रत्येकीला तीन फेऱ्या, त्यांतली एक पूर्ण न पडता, आणि तिच्यात मधेच एक हात सोडून दाखवायचा. वैजू आमच्याकडे पळत आली. तिच्या तळव्यांना चिकटपट्ट्या होत्या. एकीखालून थोडं लाल दिसत होतं.

“आणले?”

अण्णांनी हातमोजे दिले. तिनं चढवले. रडू आलं नाही. हात पाण्यात बुडवून तिनं झटकला, तर उजवा हातमोजा उडून मयेकर सरांच्या बुटाजवळ पडला. सरांनी तो बघितला आणि शिटीवरची धूळ पुसली.

वैजूनं हातमोजा उचलला, आतलं बाहेर केला आणि बघत उभी राहिली. मग तिनं तो अण्णांच्या पुढं धरला.

“तळवा बरोबर आहे. पाठ बरोबर आहे. मधल्या पट्ट्या बघा.”

अण्णांनी बघितल्या. बोटांच्या मधली पट्टी असायची त्याच्या दुप्पट होती. प्रत्येक बोटाला. आणि शिवण अगदी कडेकडेनं मारलेली, जेवढी जागा सोडता येईल तेवढी सोडून.

“पट्ट्या कुणी कापल्या?” वैजू म्हणाली.

“मी,” आई म्हणाली.

“एवढ्या रुंद?”

“पाण्यात हात फुगतोय.”

“आई, यांनी मला पथकात घ्यायला नको असंल तर सरळ सांग की. मी उद्या मामाकडं जातो. हे असं कशाला?”

आईनं पिशवीचं तोंड आवळलं. “मला काय कळतंय घ्यायचं न् न घ्यायचं.”

अण्णा खाली एका दगडावर बसले. हातमोजा त्यांच्या मांडीवर होता. ते आपल्या उरलेल्या बोटांनी पट्टी चाचपत होते.

“मी बकऱ्याला बोलत हुतो,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “संग्राम, माझी बोटं कशी गेली?”

“चरकात. किंवा सुसर. शाईवर माझा विश्वास नाही.”

“फाउंड्रीत गेली. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. कंपनीचे हातमोजे हे एवढाले. माझा हात हा असा. अस्वलागत दिसायचो. मी हिला म्हटलं, जरा अंगाबरोबर करून दे, साहेबासारखे. हिनं टाके घालून असे केले की सगळी फाउंड्री बघायला आली.” त्यांनी पट्टी अंगठ्याखाली दाबली. “मग एक दिवस आत थेंब गेला. मी झटकला. झटकला, झटकला. न्हाई निघाला. शिवण लई चांगली हुती.”

मी विनोदी मुलगा म्हणून ओळखला जायचो. त्या वेळी मी अण्णांच्या मांडीवरचा हातमोजा उचलून वैजूला दिला.

“उगाच सांगताय,” आई म्हणाली. ती धरणाकडे बघत होती.

बोटीचा भोंगा वाजला. मयेकर सरांनी पहिलं नाव पुकारलं. वैजूचं नाव शेवटचं होतं. वैजूनं आईला खाली बसवलं, तिच्यासमोर मांडी घातली, हातमोजे चढवले आणि दोन्ही हात आईच्या मांडीवर ठेवले.

“आई, टाके घाल. हातावरच घाल. घट्ट.”

“आणि निघायचा कसा?”

“तू काढ.”

आईनं तिचे हात उलटसुलट करून बघितले. मग तिनं पिशवीतून मेण लावलेला नायलॉनचा दोरा काढला, सुई काढली आणि चामडं कापायची मोठी कात्री काढून पदराखाली ठेवली.

“मग मी बोटीत बसतो,” ती म्हणाली.

तिनं एकेका बोटाची जास्तीची पट्टी बाहेरून चिमटीत धरली, दुमडली आणि टाके घालत गेली. शिवण बाहेर ठेवायचा वैजूचा हट्ट होता म्हणूनच ते जमलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग मनगट. तिकडे पाण्यावर तीन मुली उभ्या राहिल्या, दोघी पडल्या, एक सफाईनं परत आली; आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. शेवटचा टाका आवळताना वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दुखतंय?” आई म्हणाली.

“बरोबर मापाचा आहे,” वैजू म्हणाली.

मयेकर सरांचा मुद्दा असा होता की बोटीत मागं तोंड करून बसणारा निरीक्षक असतो, तो क्लबचा माणूस असतो, आणि त्याला प्रशिक्षण असतं.

“त्याच्याकडं कात्री हाय का?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग तो काय निरीक्षण करणार?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. पाच मिनिटांनी आई बोटीत होती, साडीवरून नारिंगी लाइफ जॅकेट, तोंड मागं, आणि दोराच्या बोटीकडच्या टोकाशी उघडी कात्री धरून. मलाही नेलं, कारण आईच्या दोन्ही हातांना काम होतं आणि तिला धरायला कुणीतरी हवं होतं. बोट सुटली तेव्हा आईनं डोळे मिटले, मग तिच्या लक्षात आलं असावं की डोळे मिटून कात्री चालवता येत नाही. तिनं ते उघडले आणि त्यानंतर मिटलेले मी बघितले नाहीत. ती वैजूकडे बघत नव्हती. पाण्याकडे नाही, डोंगराकडे नाही. फक्त वैजूच्या मनगटांकडे.

पहिल्या फेरीत वैजू उभी राहिली, वळण घेतलं आणि एक हात सोडायच्या आधीच तोल जाऊन बाजूला पडली. त्याच क्षणी कच्च असा आवाज झाला. दोर दोन तुकडे होऊन बोटीमागं पाण्यात गेला.

सुकाणूवर बसलेल्या सरांनी इंजिन बंद केलं. लाटांवर बोट हलत राहिली.

“ताई,” सर म्हणाले, “तिनं हँडल आधीच सोडलं होतं.”

“मला काय माहीत.”

“तो दोर परदेशी होता.”

“चिवट हुता,” आई म्हणाली, धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला द्यावी तशी दाद देऊन. “पण तुटला.”

दुसरा दोर आणला. सर म्हणाले, कात्री इथं खाली ठेवा. आई म्हणाली, “चालंल. मग मी हिचे हातमोजे काढतो आणि आम्ही घरी जातो.” पाण्यात तरंगणारी वैजू ओरडली, “सर, असू दे की, ती कापू दे,” आणि नौदलात इतकी वर्षं काढलेला तो माणूस मुकाट्यानं परत सुकाणूकडे गेला. जाताना मला म्हणाला, “तुमच्या घरी मोठा निर्णय कोण घेतं?” मी म्हणालो, “आम्हाला आत्ताच कळतंय.”

दुसरी फेरी. वैजू बोटीमागच्या पाण्याच्या उंचवट्यावर चढताना आपटली. ती पाण्याखाली गेली, हँडल एकटंच उसळ्या मारत आमच्यामागं आलं. आईनं कात्रीची पाती दोरावर टेकवली होती. दाबली नाही. वैजूचं डोकं वर आलं, मग एक हात वर आला, हातमोज्यासकट, बोटं पूर्ण उघडलेली.

आई त्या हाताकडे बघत राहिली.

“सोडलं तिनं,” ती म्हणाली.

“हो.”

“हातमोजा निघाला न्हाई. तरी सोडलं.”

“हात तिचाच आहे ना आत,” मी म्हणालो.

आईनं पदरानं तोंडावरचं पाणी पुसलं आणि कात्री पुन्हा धरली.

तिसरी फेरी शेवटची. आता पडली की पतसंस्था. काठावर अण्णा उभे होते. एवढ्या लांबून ते फक्त एक पांढरा शर्ट होते, पण तो शर्ट हलत नव्हता. बोटीनं वेग घेतला. वैजू पाण्यातून वर आली, हात सरळ, गुडघे वाकलेले, आणि एकदा तिनं झोक दिला तेव्हा दोर असा गुणगुणायला लागला की मला दातांत जाणवलं. वळण. उंचवटा, तिनं ओलांडला. परत आत. आईच्या कमरेभोवतीच्या माझ्या हातांना तिचा श्वास कळत नव्हता, कारण ती घेतच नव्हती.

मग वैजूनं एक हात सोडला आणि वर केला.

आईची कात्री दोराभोवती मिटत आली.

“आई, मुद्दाम सोडलाय. दाखवायचा असतो.”

“दिसतंय मला,” आई म्हणाली. पाती दोराला लागलेली होती. वैजूचा मोकळा हात वाऱ्यात तसाच होता, आणि दुसरा, टाके घातलेला, हँडलवर. आम्ही काठापर्यंत आलो. वैजूनं हँडल सोडलं, हळूहळू खाली बसली आणि पाण्यात विरघळल्यासारखी थांबली. दोर अखंड होता.

धक्क्यावर आईला उतरवायला दोघे लागले. वैजू फळ्या काढून धावत आली, दोन्ही मनगटं पुढं केली.

“काप.”

आईनं कात्री उचलली खरी, पण तिची बोटंच उघडेनात. ती तिथं उभी राहून आपल्या हाताकडे बघत होती, जसं काही तो उसना आणलेला आहे. मी एकेक बोट धरून सोडवलं. दोन बोटं सोडवली की पहिलं पुन्हा मिटायचं. अण्णा म्हणाले, “सावकाश. घाई करू नको, ही बोटं पण आज कामावर हुती.”

शेवटी तिनं टाके कापले. मनगट, अंगठा, मग एकेक बोट. हातमोजा सालीसारखा निघाला. आत तळवा पांढरा फटक, भिजून सुरकुतलेला, जुन्या फोडांवरच्या पट्ट्या जागच्या जागी, आणि नवा फोड एकही नाही.

मयेकर सर हातात कागद घेऊन आले आणि घसा साफ केला.

“वैजयंती सातपुते, आमचा निर्णय असा आहे की...”

“थांबा की सर जरा,” वैजू म्हणाली. “ती मोजतीय.”

सर थांबले. आईनं वैजूचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले होते आणि अंगठ्यानं एकेक बोट दाबून पुढं जात होती, ओठ हलवत. एकदा मधेच चुकली, मग पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. सरांनी कागद खाली केला. अण्णांनी धरणाकडे तोंड फिरवलं.

“दहा हायत,” आई सरांना म्हणाली. “घ्या आता हिला.”